मु. पो. ता. जि. गडचिरोली : एका पत्त्यात दडलेले नकाशे

पोस्टकार्डांच्या काळात प्रत्येक मराठी मुलाला शाळेत पत्ता लिहायला शिकवत. आधी नाव, मग खाली मु., पो., ता., जि. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट, ता. म्हणजे तालुका आणि जि. म्हणजे जिल्हा. आपण ती चार अक्षरं इतक्या वेळा लिहिली की त्यांच्याकडे बघायचंच राहून गेलं. खरं तर ही चार अक्षरं म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कामांसाठी काढलेले नकाशे आहेत. मुक्काम माणसांनी स्वतः वसवलेला असतो, पोस्टाची हद्द डाक खात्याने आखलेली असते, आणि तालुका-जिल्हा शासनाने.

शहरात हे सगळं एका पिनकोडात मावतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मावत नाही. तिथे कोणत्या रेघेच्या आत तुमचं घर येतं, यावर रस्ता, दवाखाना, रेशन, जंगलावरचा हक्क आणि नोकरीतलं आरक्षण ठरतं. म्हणून हा पत्ता उलट्या बाजूने, म्हणजे जि. पासून सुरू करून मु. पर्यंत वाचू. मग त्या रेघांच्या आत माणसं कशी मोजतात तेही बघू. रेघ आणि मोजणी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय ग्रामीण जिल्हा कळत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

जि.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जन्माला आला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग होता आणि इथे गडचिरोली आणि सिरोंचा या दोनच तहसिली होत्या. सिरोंचाचा इतिहास तर आणखी वेगळा. निजामाकडून इंग्रजांकडे आल्यावर काही वर्षं ते अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्यालय होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये जमीनदारीचा मुलूख एकत्र करून झाली. म्हणजे आज आपण ज्याला एकसंध जिल्हा समजतो, त्याचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकांना जोडलेला आहे. दक्षिणेत आजही तेलुगू सहज कानावर पडते, उत्तरेत झाडीबोली.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. गोव्याचं ३,७०२. म्हणजे जवळपास चार गोवे या एका जिल्ह्यात बसतात. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यात १४ लाख ५८ हजार माणसं होती आणि गडचिरोलीत १० लाख ७२ हजार ९४२. महाराष्ट्राच्या जमिनीतला साडेचार टक्क्यांहून जास्त वाटा या जिल्ह्याचा, आणि माणसांतला वाटा एक टक्काही नाही. लोकसंख्येत राज्यात याच्याखाली फक्त सिंधुदुर्ग आहे.

पश्चिमेला वैनगंगा आणि पुढे प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. तीन बाजूंनी नद्याच जिल्ह्याची हद्द सांगतात. पलीकडे चंद्रपूर, तेलंगणा, छत्तीसगड. उत्तरेला गोंदिया आणि भंडारा. जिल्हा उत्तर-दक्षिण इतका लांबट आहे की सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायला दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. अहेरीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आहे, ते याच अंतरामुळे. वेगळ्या अहेरी जिल्ह्याची मागणीही याच अंतरातून पुन्हा पुन्हा वर येते.

एकाच गावात दोन कचेऱ्या कशाला?

तालुक्याकडे जाण्याआधी एक गोंधळ सोडवून घेऊ. तालुक्याच्या गावी तहसील कार्यालय असतं आणि पंचायत समितीही. दोन्ही तालुक्याचंच काम करतात. मग दोन कशाला?

कारण कारभाराचे हात दोन आहेत. पहिला महसुलाचा. हा ब्रिटिशांच्या आणि त्याही आधीच्या काळापासून चालत आलेला, वरून खाली येणारा हात. जिल्हाधिकारी, त्याखाली उपविभागीय अधिकारी, मग तहसीलदार, मग मंडळ अधिकारी आणि शेवटी तलाठी. तलाठ्याचं सरकारी नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं, पण विदर्भातले लोक त्याला पटवारीच म्हणतात आणि म्हणत राहतील. पटवाऱ्याकडे जेवढी गावं, तो त्याचा साझा. काही साझे मिळून महसूल मंडळ. जमीन कोणाची, पीक कोणतं, नुकसान किती, जातीचा-उत्पन्नाचा दाखला या सगळ्या गोष्टी या हाताच्या.

दुसरा हात पंचायतीचा. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना सुरू झाली. ही माणसं निवडून येतात. शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, नळयोजना, गावातले रस्ते, घरकुल ही कामं या हाताची. गडचिरोली जिल्हा परिषदेच्या ५१ जागा आणि १२ पंचायत समित्यांच्या मिळून १०२. परिषदेच्या मतदारसंघाला गट म्हणतात आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण; एका गटामागे दोन गण असतात, म्हणून आकडा बरोबर दुप्पट.

लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. सातबारा हवा असेल तर पटवाऱ्याकडे जायचं, घरटॅक्सची पावती हवी असेल तर ग्रामसेवकाकडे. जमीन महसुलाकडे, घर पंचायतीकडे.

गडचिरोलीत मात्र तिसरा हातही आहे आणि तो दोघांहून लांब आहे: वनखात्याचा. जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भूभाग वनक्षेत्रात मोडतो. वनखात्याचे इथे पाच विभाग आहेत – वडसा, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा. त्यांच्या हद्दी तालुक्यांच्या हद्दींशी जुळतातच असं नाही. विभागाखाली वनपरिक्षेत्र, त्याखाली क्षेत्र, त्याखाली नियतक्षेत्र, ज्याला सगळे बीटच म्हणतात. पुष्कळ गावांत पटवारी महिन्यातून कधी दिसतो, पण वनरक्षक रोज भेटतो. आदिवासी विकास खात्याचा नकाशा आणखी निराळा. त्यात जिल्ह्याचे तीन प्रकल्प आहेत, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड. आश्रमशाळा त्या नकाशावर चालतात.

मतदारसंघांनी तर जिल्ह्याची सीमाच ओलांडली आहे. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तीन विधानसभा मतदारसंघ जिल्ह्यात, तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. लोकसभेचा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ मात्र गोंदियातल्या आमगावपासून चंद्रपुरातल्या ब्रह्मपुरी-चिमूरपर्यंत, तीन जिल्ह्यांत पसरलेला.

ता.

दोन तहसिलींचे आज बारा तालुके झाले आहेत आणि ते सहा उपविभागांत दोन-दोन असे नीट बसवले आहेत. गडचिरोलीबरोबर धानोरा, चामोर्शीबरोबर मूलचेरा, देसाईगंजबरोबर आरमोरी, कुरखेड्याबरोबर कोरची, अहेरीबरोबर सिरोंचा, एटापल्लीबरोबर भामरागड.

कागदावर बाराही तालुके सारखे: प्रत्येकाला तहसीलदार, प्रत्येकाला पंचायत समिती. माणसं मोजली की सारखेपणा संपतो. २०११ मध्ये चामोर्शी तालुक्यात १,७९,१२० लोक होते आणि भामरागडमध्ये ३६,३२५. पाचपट फरक. गडचिरोली तालुका १,४५,९६३, अहेरी १,१६,९९२, आरमोरी ९७,०९७. मग ऐंशी हजारांच्या वरचा गट: कुरखेडा ८६,०७३, देसाईगंज ८३,६०७, धानोरा ८२,६९८, एटापल्ली ८१,७१४. त्यानंतर सिरोंचा ७४,७२२, मूलचेरा ४५,७८७, कोरची ४२,८४४.

हे आकडे नकाशावर ठेवून बघा. देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी हे चार तालुके वैनगंगेच्या काठाने एका माळेत आहेत. या चार तालुक्यांत ५ लाख ५ हजार ७८७ लोक, म्हणजे जिल्ह्याच्या लोकसंख्येपैकी ४७ टक्के. सपाट जमीन, धानाची शेती, आणि देसाईगंजला रेल्वे. जिल्ह्यातलं हे वर्षानुवर्षांचं रेल्वे स्टेशन. तिथल्या पाटीवर मात्र वडसा लिहिलेलं आहे. तहसिलीला देसाईगंज, स्टेशनाला आणि वनविभागाला वडसा, गाव एकच. नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते.

दक्षिणेकडचे अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड हे चार तालुके विस्ताराने प्रचंड, आणि त्यांत सगळे मिळून ३ लाख ९ हजार ७५३ लोक. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटला, ही पावसाळ्यातली बातमी लोकांनी वर्षानुवर्षं वाचली आहे. तालुक्याचं ठिकाणच जगापासून तुटत असेल, तर त्याच्या आत दूरवर असलेल्या टोल्यांचं, म्हणजे लहान वस्त्यांचं, काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मूलचेराचा एक विशेष सांगायलाच हवा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचं पुनर्वसन मूलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत झालं. त्यामुळे गडचिरोलीत मराठी, गोंडी, माडिया, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू यांच्या बरोबरीने बंगालीही बोलली जाते. एका ग्रामीण जिल्ह्यात सात भाषा. जनगणनेच्या प्रगणकाला मातृभाषेच्या रकान्यात काय काय लिहावं लागत असेल!

पो.

पोस्टाबद्दल थोडक्यात. देसाईगंज-आरमोरीकडचे पिनकोड ४४१ ने सुरू होतात, गडचिरोली-अहेरी-सिरोंच्याचे ४४२ ने. डाक खात्याने जिल्हा बघितला नाही, टपालाची वाट बघितली. अनेक गावांत ‘पो.’ पुढे शेजारच्या मोठ्या गावाचं नाव येतं ते यामुळेच.

मु.

आता सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं अक्षर. गाव म्हणजे काय?

आपल्या मनातलं गाव म्हणजे घरांची वस्ती. महसूल खात्याचं गाव म्हणजे जमिनीचा एक तुकडा, ज्याची हद्द मोजलेली आहे, नकाशा आहे, गट नंबर आहेत. त्यावर माणसं राहतात की नाही हा नंतरचा प्रश्न. म्हणूनच विदर्भात ‘रिठी’ गावं असतात. नाव आहे, नकाशा आहे, सातबारा आहे, पण राहणारं कोणी नाही. कधीतरी रोगराईने, पाणी आटल्याने किंवा दुसऱ्या कशाने गाव उठलं आणि नाव मागे राहिलं. गावांच्या सरकारी यादीत रिठी गावही एक गावच असतं.

याच्या उलट बाजूला टोले आहेत. वीस-पंचवीस घरांची वस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. स्वतःची देवस्थानं, स्वतःचं जंगल, स्वतःचा गावगाडा. पण महसुली यादीत तिला नाव नाही, कारण ती दुसऱ्या गावाच्या हद्दीत येते. म्हणजे एकीकडे माणसांशिवाय गाव, दुसरीकडे गावाच्या दर्जाशिवाय माणसं.

जिल्ह्यात दीड हजारांहून जास्त महसुली गावं आहेत आणि ग्रामपंचायती साडेचारशेच्या घरात. म्हणजे एका पंचायतीत सरासरी तीन-चार गावं. याला गट ग्रामपंचायत म्हणतात. २०११ मध्ये ग्रामीण लोकसंख्या ९ लाख ५४ हजार ९०९ होती. भागाकार केला तर पंचायतीमागे दोन हजारांच्या थोडे वर लोक. महाराष्ट्रात १,५०० पर्यंत लोकसंख्या असलेल्या पंचायतीला ७ सदस्य, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, आणि असं वाढत ७,५०० च्या वर १७. गडचिरोलीतल्या बहुतेक पंचायती या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर आहेत. सात-नऊ सदस्यांत चार गावं आणि सहा टोले बसवायचे म्हटल्यावर एखाद्या टोल्याचा आवाज पंचायतीच्या बैठकीत कधीच पोहोचत नाही. त्यातून ही गावं एकमेकांपासून जंगलातल्या वाटेने पाच-सात किलोमीटरवर असली, तर ग्रामसभेला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची.

हा पेच सोडवायला दोन कायदे आले आणि दोघांनीही ‘गाव’ या शब्दाचा अर्थ बदलला. म्हणून ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला १९९६ चा पेसा. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत जी आदिवासी क्षेत्रं येतात, तिथे पंचायत राज वेगळ्या प्रकारे लागू करणारा केंद्राचा कायदा. त्यात गाव म्हणजे ज्या समाजाची माणसं आपले व्यवहार आपल्या परंपरेने चालवतात अशी वस्ती. पाडा असो, टोला असो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यानुसार एखाद्या टोल्यातल्या मतदारांनी ठराव करून मागणी केली, तर त्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येतं. मग त्याची ग्रामसभा वेगळी. तेंदूपत्ता, बांबू, मोह यांसारखं गौण वनोपज, गावठाणातलं पाणी, दारूचं दुकान याबद्दल बोलण्याचा अधिकार त्या ग्रामसभेचा.

दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. यात वैयक्तिक शेतीच्या पट्ट्यांबरोबर सामूहिक वनहक्कही मिळतो, म्हणजे गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाचं व्यवस्थापन गावाकडे येतं. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते, तिथून उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हा समिती.

धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गाव इथे आठवल्याशिवाय राहत नाही. लेखा या गावाच्या पंचायतीत तेव्हा असलेली सुमारे पाचशे माणसांची गोंड वस्ती, म्हणून लोक मेंढा-लेखा म्हणतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. गोंडीत ‘मावा नाटे मावा राज’. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी ज्या गावांना मिळाला त्यांतलं हे एक. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. पाचशे लोकांच्या वस्तीने एवढी मजल मारली ती स्वतःला एक गाव मानून. गट पंचायतीचा एक तुकडा म्हणून राहिले असते, तर हे घडलं नसतं. पुढे कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. सरकारने न आखलेला, लोकांनी स्वतः जोडलेला हा आणखी एक नकाशा.

पेसा सगळ्या जिल्ह्याला लागू आहे का? नाही. अनुसूचित क्षेत्राची यादी १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आली. धानोरा, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा, कुरखेडा असा मोठा पट्टा सबंध आत आहे. गडचिरोली, आरमोरी, चामोर्शी या तालुक्यांतली काही गावं आत आणि काही बाहेर. म्हणजे रस्त्याच्या अलीकडचं गाव पेसात आणि पलीकडचं नाही, असं होऊ शकतं. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारखी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली गेली. तेव्हापासून या रेघेवरून जिल्ह्यात बरीच खळबळ झाली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात आदिवासी ३८.७ टक्के होते, म्हणजे मोठा समूह. पण निम्म्याहून कमी. भामरागड-एटापल्लीत ते मोठ्या बहुमतात, देसाईगंजमध्ये अल्पसंख्य. जिल्ह्याची एक सरासरी घेऊन या प्रश्नाचं उत्तर काढायला गेलं, की कोणावर तरी अन्याय होतोच.

७४ या आकड्याचं काय करायचं?

गडचिरोलीची ओळख सांगताना एक आकडा नेहमी येतो: चौरस किलोमीटरला ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५. महाराष्ट्रात सगळ्यात विरळ. हे वाचून वाटतं, केवढी मोकळी जागा!

पण ढोबळ हिशेब करून बघा. तीन चतुर्थांश जमीन वनक्षेत्रात. उरलेल्या सुमारे ३,६०० चौरस किलोमीटरवर १० लाख ७२ हजार माणसं मांडली, तर चौरस किलोमीटरला तीनशेच्या जवळ जातात. वनगावांत राहणारे आहेतच, म्हणून हा हिशेब अगदी काटेकोर नाही. तरीही राहायला-कसायला मिळणारी जमीन इथे भरपूर पडून आहे, हा समज त्याने दूर होतो. ७४ हा जंगलासकट काढलेला भागाकार आहे.

विरळ वस्तीची खरी किंमत सोयींमध्ये मोजावी लागते, कारण आपल्याकडे सोयी डोक्यांवर ठरतात. सर्वसाधारण भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र असा निकष आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी तो २०,००० आणि ३,००० आहे. भामरागडच्या ३६,३२५ लोकांना सपाटीच्या निकषाने सात उपकेंद्रं मिळाली असती, आदिवासी निकषाने बारा. ही सवलत मोलाची आहे. पण चामोर्शीत तीन हजार लोक दोन मोठ्या गावांत मिळू शकतात. भामरागडमध्ये तेवढे गोळा करायला पुष्कळ टोले जोडावे लागतात आणि मध्ये नाले आडवे येतात. निकषात माणसं आहेत, वाट नाही. माझ्या मते ही आपल्या नियोजनातली सगळ्यात मोठी उणीव आहे.

रस्त्यांच्या बाबतीत थोडं शहाणपण दाखवलं गेलं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत महसुली गावाऐवजी ‘वस्ती’ धरली. सपाटीवर ५०० लोकांची, आदिवासी आणि डोंगराळ भागात २५० ची, आणि नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या विभागांत १०० ची वस्तीही रस्त्याला पात्र ठरली. पण ही संख्या वर्षानुवर्षं २००१ च्या जनगणनेतलीच धरली जायची. ९९ लोकांच्या टोल्याला एक माणूस कमी पडला म्हणून काय वाटलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

जुन्या आकड्यांचा त्रास रेशनलाही आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचं याचा इष्टांक २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेला आहे. दहा वर्षांत, २००१ ते २०११ या काळात, जिल्ह्याची लोकसंख्या ९,७०,२९४ वरून १०.५८ टक्क्यांनी वाढली. राज्य तेव्हा १६ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यानंतरची वाढ कोणत्याच अधिकृत मोजणीत नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ नंतर जन्मलेली मुलं आता हायस्कुलात पोहोचली आहेत.

मोजणी नीट झाली तर काय होतं, याचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने इथल्या गावांमध्ये प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू स्वतः नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा सरकारी कागदांवर न आलेले मृत्यू दिसू लागले. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचं शिक्षण दिलं गेलं आणि बालमृत्यू घटले. ती पद्धत पुढे देशभर ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामात आली. मृत्यू मोजले गेले नसते तर ते कमी झालेही कळले नसते.

शहर न वाढता शहरी होणं

२०११ मध्ये जिल्ह्याची फक्त ११ टक्के लोकसंख्या शहरी होती आणि नगरपालिका दोनच, गडचिरोली आणि देसाईगंज. पुढच्या जनगणनेत हा टक्का वाढलेला दिसेल आणि कोणीतरी लिहील की गडचिरोलीत शहरीकरण होतंय. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

जनगणनेत शहर दोन तऱ्हांनी ठरतं. एक, ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि पुरुष कामगारांपैकी तीन चतुर्थांश बिगरशेती कामात असतील तर. दुसरी, जिथे कायद्याने नगरपालिका किंवा नगरपंचायत आहे ते आपोआप शहर. मग तिथे धान पिकत असो की मोह वेचला जात असो. २०१४-१५ च्या सुमारास राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती केलं. त्यात धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागडसुद्धा आले. एका अधिसूचनेने गाव शहर झालं; सकाळी उठणारी माणसं तीच, कामं तीच.

नावाबरोबर हक्कही बदलले. पेसा हा पंचायतींसाठीचा कायदा. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपालिकांसाठी तसा कायदा संसदेने अजून केलेला नाही. त्यामुळे नगरपंचायतीच्या हद्दीत आलेल्या गोंड-माडिया वस्तीची पेसा ग्रामसभा गेली. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने स्वतः ठरवून खर्चायचा पैसा, पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो, तोही गेला. शहराचा दर्जा आपोआप चांगलाच असतो असं आपण धरून चालतो. भामरागडच्या एखाद्या टोल्यात उभं राहून पाहिलं तर हिशेब निराळा दिसतो.

फेब्रुवारी

पुढची जनगणना ठरली आहे. संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो क्षण, आहे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतानाची मध्यरात्र, आणि लोकांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. यात जातीचीही नोंद होणार आहे. मोजणी चालू असताना रेघा हलू नयेत म्हणून ३१ डिसेंबर २०२५ नंतर गाव, तालुका, जिल्हा यांच्या हद्दी गोठवायच्या असं ठरलं. म्हणजे त्या दिवसापर्यंत जो टोला कागदावर गाव झाला नाही, तो या जनगणनेतही दुसऱ्याच गावाच्या नावाखाली मोजला जाईल.

प्रत्येक गावाला जनगणनेत सांकेतिक क्रमांक असतो. २०११ मध्ये महाराष्ट्र २७, गडचिरोली जिल्हा ५०८, मग तालुका, मग गाव. तहसीलदार हा त्या तालुक्यातल्या मोजणीचा प्रमुख, म्हणजे चार्ज अधिकारी. साधारण ६०० ते ८०० लोकांचा एक प्रगणक गट, आणि तिथे जाणारा बहुतेक वेळा जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक. शिक्षक पंचायतीचा आणि त्याच्यावर देखरेख महसुलाची. दोन्ही हात एका वहीवर एकत्र येतात, असा हा एक विरळा प्रसंग.

प्रगणक फक्त डोकी मोजत नाही. माणूस नेहमी कुठे राहतो तेही विचारतो. नियम असा आहे की मोजणीच्या काही दिवसांत जरी माणूस घरी असेल किंवा मोजणी संपायच्या आत परतणार असेल, तर तो घरच्या पत्त्यावर धरायचा. सगळा काळ बाहेर असेल, तर तो जिथे असेल तिथे धरायचा. २०११ मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता.

गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात जायचा हंगामही जानेवारी ते मार्च असाच असतो. घराला कुलूप लावून, लेकराबाळांसकट, तांदळाची पोती घेऊन कुटुंबं प्राणहिता-गोदावरीपलीकडे जातात. फेब्रुवारीत प्रगणक टोल्यावर येईल तेव्हा म्हातारी माणसं अंगणात असतील. ती हाताने दक्षिणेकडे दाखवतील, आणि पोरांची नावं पलीकडच्या राज्यातला दुसरा कोणी प्रगणक मिरचीच्या शेतावर लिहून घेत असेल.